एक्सटर्नल डिस्कवरून व्हर्च्युअल मशीन: पेजमेकर, एक्सपी आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप

गावभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं डीटीपी आणि छपाईचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की हँडबिलं. जुनं सगळं काम पेजमेकर ७ मध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत. त्यासाठी एक विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप आजवर जपला होता, त्याचा मदरबोर्ड गेला. दुरुस्तीवाला म्हणतो, "अण्णा, ह्याचं सामान आता येत नाही, सोडून द्या."

दुकानात लॅपटॉप आहे. विंडोज ११ होम, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, त्यात चाळीसेक जीबी मोकळी. भाचा विश्रामबागेत इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकू. त्याला त्याच लॅपटॉपवर उबुंटू आणि काली (दोन्ही लिनक्स) पण पाहिजे. एवढी जागा आणायची कुठून? घरी १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, फोटो ठेवायची. सगळ्या मशीन तिच्यावर ठेवून तिथूनच चालवल्या तर? दुकानातला लॅपटॉप आणि घरचा कॉम्प्युटर, दोन्हीकडे तीच डिस्क लावता आली तर सोन्याहून पिवळं. माझी समजूत अशी की मशीन बाहेरच्या डिस्कवर असली की लॅपटॉपवर लोड येत नाही. बरोबर ना?

हॉस्टेल_रूम

चालतं की अण्णा. मी पेनड्राइव्हवर काली वापरतो. १२८ जीबीचा एक घ्या, विषय संपला.

तंबोरा

विषय संपला नाही, आता सुरू होईल. हॉस्टेलभाऊ, तुम्ही पेनड्राइव्हवरून लॅपटॉप बूट करता. तिथं विंडोज चालूच नसतं, सगळी रॅम एकट्या कालीला मिळते. अण्णा विचारतायत ते वेगळं आहे: विंडोज चालू, त्याच्या आत एक्सपी चालू, आणि एक्सपीची हार्ड डिस्क म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची एक मोठी फाइल.

अण्णा, आधी लोडची समजूत काढून टाका. बाहेरच्या डिस्कवर फक्त ती फाइल राहते. प्रोसेसर लॅपटॉपचाच, रॅम लॅपटॉपचीच. विंडोज ११ नुसतं सुरू होऊन ब्राउझर उघडला की ३-४ जीबी गेले. उरल्या त्यात एक्सपीला ५१२ एमबी ते १ जीबी दिली की पेजमेकर आरामात पळतो, त्या काळी तर याहून कमी रॅमवर पळायचा. पण उबुंटूच्या डेस्कटॉपला निदान ४ जीबी हवी. एक्सपी आणि उबुंटू एकाच वेळी चालू ठेवायचा विचार ८ जीबीत करू नका. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधलं सामान आतल्या एसएसडीवर हलवत बसतं (पेजिंग) आणि मग बाहेरची डिस्क कितीही भारी असो, सगळंच रांगतं.

आता डिस्क. तुमची ती फोटोंची पोर्टेबल डिस्क फिरती असणार, ५४०० आरपीएमची. एक मोठी फाइल कॉपी करताना ती १०० एमबीच्या आसपास वेग देते, त्यामुळे वाटतं बरी आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिम मोठी फाइल सलग वाचत नाही. इथला ४ केबी, तिथला ४ केबी, रजिस्ट्री, फाँट, लॉग, पेजफाइल. रद्दीच्या दुकानात शंभर वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून एकेक कागद शोधून आणायला सांगितल्यासारखं ते काम आहे. फिरत्या डिस्कचं हेड सेकंदाला शंभरेक वेळा इकडून तिकडे जाऊ शकतं, त्यापुढे नाही. एसएसडीला हेडच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. क्रिस्टलडिस्कमार्क (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) टाकून शेवटची ओळ बघा, ४के रँडम, क्यू १, म्हणजे ४ केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच. फिरत्या डिस्कला तिथे १ एमबी सुद्धा धड येत नाही. साधी साटा एसएसडी यूएसबीवरून २०-३० देते. व्हर्च्युअल मशीनला हा आकडा लागतो, खोक्यावर छापलेला नाही.

त्यात हल्लीच्या बऱ्याच अडीच इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले, त्यामुळे मधलं थोडं बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. उबुंटू अपडेट सुरू केलं की अशी डिस्क मिनिटभर गप्प बसते.

पेनड्राइव्ह तर याहून वाईट. वाचायला बरा, बारीक बारीक लिहायला अगदीच मठ्ठ.

भडंग_चिरमुरा

तंबोऱ्यानं सूर बरोबर लावलाय. आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपात एकानं फिरत्या डिस्कवर विंडोज १० चं मशीन टाकलंय. सकाळी चालू करायचं, चहा घिऊन यायचं, मग लॉगिन. कामाला चालतंय म्हना, पन माणसाचा जीव जातो.

अण्णा, डिस्क घ्यायचीच तर एसएसडी घ्या. आनि एक सांगतो, ऑनलाइन "१६ टीबी पोर्टेबल एसएसडी" कवडीमोलात दिसली तर हात लावू नका. आत मेमरी कार्ड चिकटवल्यालं असतंय, कंट्रोलर खोटी साईज दाखवतो. भरत आली की जुना डेटा पुसून त्याच्यावरच लिवत बसती. घेतलेली कुठलीबी डिस्क पहिल्यांदा एच२टेस्टडब्ल्यू लावून पूर्ण भरून तपासा, मगच तिच्यावर काम ठेवा.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितेय, रोजचं काम सर्व्हर आणि व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सांभाळायचंच आहे. वेगाबद्दल तंबोरा यांनी सांगितलं ते पटतं, पण माझ्या मते बाहेरच्या डिस्कचा खरा प्रश्न वेग नाहीच. मशीन चालू असताना यूएसबी अर्ध्या सेकंदासाठी सुटणं, हा आहे.

फोटो कॉपी करताना केबल हलली तर एक फोटो जातो. व्हीएम चालू असताना हलली तर आतल्या सिस्टिमच्या दृष्टीने कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्कच कोणीतरी उपटून नेलेली असते. उबुंटू अशा वेळी आपली फाइलसिस्टिम रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) करून टाकतं, म्हणजे निदान आणखी नासधूस होत नाही. एक्सपी तितकं समजूतदार नाही. शिवाय एक्सपीला व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई कंट्रोलर लागतो (साटा दिला तर इन्स्टॉलच होत नाही, कारण एक्सपीच्या सीडीत त्याला लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही), आणि आयडीईला 'होस्ट आय/ओ कॅश' मुळातच चालू असते. पेजमेकरने फाइल सेव्ह झाली म्हटलं तरी ती काही क्षण लॅपटॉपच्या रॅममध्येच असू शकते. तेवढ्यात केबल सुटली तर फाइल गेली. बाहेरून चालवणार असाल तर मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जाऊन ती खूण काढा. थोडं मंद होईल, होऊ द्या.

सुटण्याची कारणं माझ्या पाहण्यात हीच:

पहिलं, केबल. फिरत्या पोर्टेबल डिस्कची ती रुंद चपटी मायक्रो-बी पिन वर्षभरात सैल होते. टाइप-सी त्यापेक्षा बरी. लॅपटॉप मांडीवर, डिस्क लोंबकळतेय, हे चित्र तर नकोच. डिस्क टेबलावर, शक्यतो चिकटपट्टीने झाकणाला पक्की.

दुसरं, झोप. लॅपटॉपचं झाकण मिटलं, स्लीप झाला, यूएसबीची वीज गेली, उठल्यावर डिस्क नव्याने ओळखली गेली. चालू असलेलं मशीन मात्र जुन्याच डिस्कची वाट बघत बसतं. व्हीएम चालू असताना झाकण मिटल्यावर काही करू नये असं पॉवर सेटिंगमध्ये ठेवा आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

तिसरं, वीज. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर देता येतात, यूएसबी ३ ला ९००. फिरती डिस्क सुरू होताना जास्त ओढते. साधा हब लावून त्यावर डिस्क, माउस, प्रिंटर सगळं टांगलं की डिस्क मधेच आचके देते. डिस्क थेट लॅपटॉपला लावा.

आणि साडेतीन इंची मोठी एक्सटर्नल डिस्क, जिला वेगळा अडॅप्टर असतो, ती या कामाला अजिबात नको. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डिस्क मात्र त्याच क्षणी बंद.

डिस्क कुठल्या फॉरमॅटची आहे तेही बघा. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणारच नाही. एक्सफॅटवर बसते, पण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, अचानक निघाली तर फाइलींचा तक्ताच बिघडू शकतो. दोन्हीकडे विंडोजच असेल तर एनटीएफएस करा. आधी फोटो दुसरीकडे हलवा, फॉरमॅट केल्यावर शोधत बसू नका.

हॉस्टेल_रूम

+१. वाचनखूण साठवली. पण ताई, डिस्कचं अक्षर बदललं की व्हर्च्युअलबॉक्स 'इनअॅक्सेसिबल' दाखवतो, त्याचं काय? कालच एफ ची जी झाली आणि मशीन गायब.

अजिंक्यतारा

मशीन गायब होत नाही, पत्ता चुकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला मागचं एखादं अक्षर कायमचं द्या, व्ही वगैरे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर मशीनचं अख्खं फोल्डर एकत्र ठेवा: सेटिंगची फाइल, व्हीडीआय (मशीनच्या डिस्कची ती मोठी फाइल), स्नॅपशॉट (मशीनची मधेच टिपून ठेवलेली अवस्था) सगळं त्यातच. तिकडे 'नवीन मशीन' न करता मेनूतून 'अॅड' करून तीच सेटिंगची फाइल दाखवायची. असं केलं की आतल्या एक्सपीला हार्डवेअर जवळपास तेच दिसतं, अॅक्टिव्हेशन सहसा पुन्हा मागत नाही.

एक पथ्य: दुकानात 'सेव्ह स्टेट' करून घरी उघडायचं नाही. एकीकडे इंटेल आणि दुसरीकडे एएमडी असेल तर गोठवलेली अवस्था उठणारच नाही. रोज पूर्ण शटडाउन, मग 'सेफली रिमूव्ह', मग केबल.

तंबोरा

अजिंक्यताराताईंशी सहमत, एक भर घालतो. एसएसडीची यूएसबी केस (बाहेरचं खोकं) कुठली घेता यावरही बरंच अवलंबून आहे. जुन्या पद्धतीत यूएसबीवरून डिस्कला एका वेळी एकच हुकूम जातो, तो पूर्ण झाला की दुसरा. यूएएसपी असलेल्या केसमध्ये हुकमांची रांग लावता येते, आणि व्हीएमला हेच पाहिजे असतं. विंडोज ८ पासून त्याचा ड्रायव्हर आतच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलरखाली 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय' असं दिसलं तर समजा चालू आहे. लिनक्सवर एलएसयूएसबी या आदेशाच्या झाडात डिस्कपुढे यूएएस लिहिलेलं दिसतं.

एनव्हीएमईची (साटापेक्षा वेगवान एसएसडीची) केस घेतली आणि पोर्ट १० गिगाबिटचा असला तर सलग वेग हजार एमबीच्या जवळ जातो. ५ गिगाबिटच्या पोर्टला साडेचारशेपर्यंत. पण अण्णांच्या कामाला दोन्हींत फरक कळणार नाही आणि एनव्हीएमईची केस तापते सुद्धा. साटा एसएसडी आणि साधी केस पुरे.

भावांनो, केबल मात्र केसबरोबर आलेलीच वापरा. मोबाइल चार्जरची टाइप-सी केबल बहुतेक वेळा आतून यूएसबी २ ची असते. ती लावली की एवढी एसएसडी ४० एमबीवर बसते आणि मग लोक डिस्कला शिव्या घालतात.

गावभागकर

एवढं सगळं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. दोन शंका.

एक: आमच्या फाँट सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक आहे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. ते एक्सपीच्या आत दिसेल का? आणि त्याहून जुन्या एका हिशेबाच्या पॅकेजचं लॉक प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागायचं, ते?

दोन: २०१९ च्या पुरात सीपीयू माडीवर चढवताना काय हाल झाले ते आम्हालाच माहीत. म्हणूनच डिस्क खिशात घालून निघता यावं असं डोक्यात आहे. म्हणजे बॅकअपचं काम पण होऊन जाईल.

अजिंक्यतारा

यूएसबी लॉक दिसतं. मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये कंट्रोलर २.० निवडा, ३.० नको, एक्सपीला त्याचा ड्रायव्हर नाही. मग त्या लॉकचा फिल्टर घाला, म्हणजे ते लावल्याबरोबर विंडोज ११ कडे न जाता थेट एक्सपीकडे जाईल. चुकून अख्ख्या यूएसबी डिस्कचा फिल्टर घालू नका. ज्या डिस्कवर मशीन आहे तीच मशीनच्या आत ओढली गेली तर काय होईल ते तुम्हीच बघा.

रुंद पोर्टच्या लॉकचं जमणार नाही. बाजारात यूएसबीवरून त्या पोर्टची केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यावर ओळखलं जात नाही. तो हिशेब एकदा एक्सेलमध्ये उतरवून घ्या.

बॅकअपचं मात्र होत नाही, अण्णा. ज्या डिस्कवर रोज काम चालतं ती बॅकअप नव्हे, ती मूळ प्रत झाली. खिशातून पडली तर? स्नॅपशॉटलाही बॅकअप समजू नका. त्यात फक्त नंतरचे बदल असतात, मूळ व्हीडीआय गेली की ते निरुपयोगी. मशीन बंद असताना त्याचं फोल्डर आठवड्याला तुमच्या फोटोंच्या फिरत्या डिस्कवर कॉपी करा. फिरती डिस्क या कामाला अगदी योग्य आहे. आणि ती दुकानात ठेवू नका.

भडंग_चिरमुरा

मी एक इचारू का? एक्सपी, पेजमेकर, फाँट, सगळं मिळून किती जागा लागनार? मी टाकलंय ते ६ जीबीच्या आत हाय. अण्णांकडं ४० मोकळी हायत. एक्सपी बाहेर ठेवायचीच कशाला?

तंबोरा

हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा होता. अगदी बरोबर. धंद्याचं मशीन आतल्या एसएसडीवर, २० जीबीची डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) डिस्क करून. त्यात केबल नाही, अक्षर नाही, झोप नाही, काही नाही. भाच्याच्या उबुंटू-काली बाहेरच्या एसएसडीवर. त्या बिघडल्या तर तो परत टाकेल, शिकायलाच बसलाय. घरी काम न्यायचं तर पेजमेकरच्या फाइली न्या, अख्खं मशीन कशाला?

फक्त डायनॅमिक डिस्क वाढते, आपोआप कमी होत नाही. आतून फाइली पुसल्या तरी व्हीडीआय तेवढीच राहते, ती वेगळी कॉम्पॅक्ट करावी लागते. आणि मूळ डिस्क काठोकाठ भरू देऊ नका, जागा संपली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन जागच्या जागी थांबवतो.

गावभागकर

भाच्याला पटलं नाही, पण मला पटलं. काल रात्री बसून एक्सपी आत टाकली. लायसनची जुनी सीडी कपाटात सापडली. चालतंय, पण विंडो उघडायला इतकी जड का? खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसतंय. डिस्क तर आतली एसएसडीच आहे.

तंबोरा

कासव म्हणजे डिस्कचा दोष नाही. विंडोजने प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःच धरून ठेवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या वरून काम करावं लागतंय. होम आवृत्तीत बहुधा 'कोअर आयसोलेशन'मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असतं, त्यामुळे. ते बंद करून रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा कासव जातं. अजून राहिलं तर विंडोज फीचर्समध्ये 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' वगैरे चालू आहे का बघा. पण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करत असाल तर विचार करून ठरवा. मी असतो तर आधी कासवासकट आठवडाभर काढून बघितला असता. पेजमेकरला तेवढं पुरतं.

अजिंक्यतारा

आणि एक्सपीचं नेटवर्क तोडून ठेवा. सेटिंगमध्ये 'नॉट अटॅच्ड'. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याला नेहमीचे सुरक्षा अपडेट आले नाहीत. फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून करा, पीडीएफ विंडोज ११ मधून पाठवा.

हॉस्टेल_रूम

पण अण्णा, हे किती वर्षं करणार? युनिकोडवर का येत नाही?

गावभागकर

नवं काम युनिकोडमध्येच घेतो रे बाळा. पण वीस वर्षांचे साचे आहेत. थोरल्याच्या लग्नाची पत्रिका केलेलं घर धाकट्याच्या वेळी म्हणतं, "तशीच, तोच गणपती, तीच अक्षरं." पेजमेकरला युनिकोड कळत नाही, आणि जुना मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की फाँट नसल्यामुळे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

अजिंक्यतारा

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची सीएस६ पर्यंतची आवृत्ती पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडायची, पुढच्या सीसीने ती सोय काढली. कोणा ओळखीच्याकडे लायसन असलेली सीएस६ असेल तर नेहमी लागणारे साचे तरी तिकडे उतरवून घ्या. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्यावा लागेल. रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, तिथेच चुका राहतात.

भडंग_चिरमुरा

अवांतर: धाग्यावर सगळे जाणकार जमलेतच तर माझं बी सांगा. एक्सटर्नल एसएसडी लावली की वायरलेस माउस उड्या मारतोय. डिस्क काढली की सरळ. माउस बदलून बगितला, तेच.

तंबोरा

माउस बदलून उपयोग नाही. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढलाय. माउसचा तो इवलासा रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्या पोर्टमध्ये असणार. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर छोट्या एक्स्टेन्शन केबलने हातभर लांब न्या. वायफायही तेव्हाच मंदावत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर जा.

भडंग_चिरमुरा

डाव्या बाजूला लावला. थांबला.